आईहून उंच

जपानी आई मुलाला पत्र लिहिते तेव्हा शेवटी पुष्कळदा स्वतःचं नाव घालत नाही, ‘हाहा योरी’ एवढंच लिहिते. हाहा म्हणजे आई आणि योरी म्हणजे कडून. रोजच्या बोलण्यात ‘कडून’ किंवा ‘पासून’ म्हणायला ‘कारा’ हा वेगळा शब्द आहे. योरी जरा ठेवणीतला, पत्रांतला. पण नवशिक्याला योरी पहिल्यांदा भेटतो तो पत्रात नव्हे, तुलनेच्या धड्यात. ‘हाहा योरी से गा ताकाई’ म्हणजे ‘आईपेक्षा उंच’. तेच दोन शब्द, त्याच क्रमाने. पत्राखाली आले तर आईकडून, वाक्यात आले तर आईपेक्षा.

पाठ्यपुस्तक इथे थांबत नाही. ते लगेच टोकियो क्योटोपेक्षा मोठं, आगगाडी बसपेक्षा वेगवान अशा उदाहरणांकडे वळतं. मी मात्र थांबले, कारण हा प्रकार ओळखीचा वाटला. संस्कृतात तुलना पंचमीने होते, आणि पंचमीचा मूळ अर्थ अपादान, म्हणजे जिथून काही सुटतं ती जागा. झाडावरून पान गळतं तेव्हा झाड पंचमीत असतं, आणि या झाडाहून ते झाड उंच म्हणतानाही हे झाड पंचमीतच असतं. हिंदीतला ‘से’ तसाच. मराठीतला ‘हून’ही तसाच: काशीहून आले, काशीहून जुनं. जपानीचं आपल्या भाषाकुळाशी काही नातं नाही, तरी तिथेही माणसांना तुलना म्हणजे कुठून तरी निघणं वाटलं. मुलगी आईहून उंच, म्हणजे आईपासून मोजायला सुरुवात केली तर ती त्यापुढे गेली. आईचा पराभव त्या वाक्यात कुठेच नाही. आई म्हणजे मोजपट्टीचा शून्याचा आकडा.

हा धडा मी वाराणसीत शिकले, संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत, आत्याच्या घरी. आत्याचे गुडघे हिवाळ्यात फार धरतात, म्हणून गेले दोन हिवाळे मी तिच्याकडे असते. सकाळी तिचं आटोपलं की जपानीची वही उघडते. मी बंगाली आणि हिंदीतून भाषांतरं करते. जपानी कथा आजवर इंग्रजीच्या खिडकीतून पाहिल्या होत्या, आता दारातून आत जावं असं वाटलं, इतकंच. पंचेचाळिशीत नवीन लिपी शिकणं हा डोळ्यांवर अत्याचार आहे, हे जाता जाता नोंदवते.

मराठीत ‘हून’ असताना आपण ‘पेक्षा’ का घेतला, हा प्रश्न मला त्या वहीमुळे पडला. आज बोलताना तुलनेचा ‘हून’ मागे पडला आहे. ‘याहून’, ‘त्याहून’, ‘सर्वांहून’ अशा शब्दांत तो टिकून आहे, बाकी सगळीकडे पेक्षा. आणि पेक्षा म्हणजे ‘अपेक्षा’, पहिला स्वर गळलेली. अपेक्षेत ‘ईक्ष्’ हा पाहण्याचा धातू आहे: एखाद्याकडे नजर ठेवून, त्याला धरून. इथल्या बंगाली टोल्यात ऐकू येणारा बंगाली ‘चेये’ याच्या शेजारी ठेवून पाहावा. तोही ‘पेक्षा’च, आणि तो ज्या क्रियापदातून आला त्याचे अर्थ पाहणं आणि हवंसं वाटणं असे दोन्ही. तमिळमध्ये याच जागी ‘विड’ येतो, त्याच्या मुळाशी सोडणं आहे. इंग्रजीतला ‘दॅन’ हा मुळात ‘देन’च: हा उंच, मग तो. कोणी निघतं, कोणी बघतं, कोणी सोडून देतं, कोणी रांग लावतं. एकाच कामाला प्रत्येक भाषेने वेगळा हावभाव निवडला आहे.

मराठी हावभाव नजरेचा आहे, आणि नजरेत मागणी असते. ‘ताईपेक्षा तुला कमी मार्क’ हे वाक्य ज्याने लहानपणी ऐकलं आहे त्याला त्यातली अपेक्षा व्युत्पत्ती न सांगता कळते. वैयाकरण म्हणतील, शब्द झिजला की मूळ अर्थ मरतो. पेक्षा म्हणताना कोणी अपेक्षा करत नाही. मान्य. तरीही भाषांतर करताना हातात दोन शब्द असले की मेलेला अर्थही वजन टाकतो. ‘आईपेक्षा उंच’मध्ये आई मागे उभी राहून पाहते आहे असं वाटतं, ‘आईहून उंच’मध्ये ती नुसती निघण्याची जागा आहे. योरीसाठी मी ‘हून’कडे झुकते. संपादक तो जुनाट म्हणून बदलतात, ते वेगळं.

आईपासून मोजायचं म्हटलं की संकठा घाटावर एक इमारत आपोआप समोर येते. दक्षिणेला शेजारीच शिंदे घाट, बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास बांधवलेला, आणि त्यापलीकडे मणिकर्णिका. या दोघांच्या मध्ये पाण्यालगत रत्नेश्वर महादेवाचं देऊळ एका बाजूला कललेलं आहे. वर्षातले कित्येक महिने त्याचा गाभारा पाण्यात असतो. नावाडी सांगतात की कल नऊ अंशांचा आहे आणि पिसाचा मनोरा चारच अंश कलला आहे, म्हणून ‘पीसा से ज़्यादा टेढ़ा’. कलण्यातसुद्धा वरचढ असण्याचा हा अभिमान मला आवडतो.

त्या देवळाचं दुसरं नाव मातृऋण महादेव. दंतकथा अशी की राजा मानसिंहाच्या एका सेवकाने आई रत्नाबाईसाठी ते बांधलं, आणि पूर्ण झाल्यावर म्हणाला, आता आईचं ऋण फिटलं. त्याच क्षणी देऊळ कललं. दुसऱ्या कथेत रत्नाबाई ही अहिल्याबाई होळकरांची दासी; तिने देवळाला स्वतःचं नाव दिलं म्हणून बाईंनी शाप दिला. घाटाच्या काठची भुसभुशीत माती हे खरं कारण असावं; शिंदे घाटही एकदा आपल्याच वजनाने खचला होता. पण पहिल्या कथेतला माणूस नेमकं काय करतो ते पाहण्यासारखं आहे. त्याने आईला देऊळ दिलं, यात काही बिघडलं नाही. त्याने तराजू काढला. एका पारड्यात आई, दुसऱ्यात दगड, आणि काटा मध्ये आला असं जाहीर केलं. जिथून आपण निघालो तीच जागा पारड्यात घातली तर मोजायला उभं कुठे राहायचं? कथा रचणाऱ्याला पंचमी चांगली कळत होती.

जपानी तुलनेचा दुसरा भाग ‘होदो’. हा नकारासोबत येतो. ‘निहोन वा इंदो होदो आत्सुकु नाई’ म्हणजे जपान भारताइतका गरम नाही. तर्काच्या हिशेबात हे ‘भारत जपानहून गरम’ याच्याइतकंच. तरी व्याकरणाची पुस्तकं एक सूक्ष्म फरक सांगतात: योरीने दोन गोष्टी नुसत्या मागेपुढे लागतात, होदोच्या वाक्यात मात्र दुसऱ्या बाजूकडे तो गुण भरपूर आहे हे गृहीत असतं. होदो म्हणजे माप, मर्यादा. आपल्याकडे ‘इतका’ हेच करतो. ‘मी तुझ्यापेक्षा बुटकी’ आणि ‘मी तुझ्याइतकी उंच नाही’ या दोन वाक्यांत सेंटिमीटरचा फरक नाही, पण दुसऱ्या वाक्यात तुझी उंची हे माप झालं आहे.

त्या हिवाळ्यात शेजारच्या वाड्यातल्या काकूंचा चाळिशीतला मुलगा गेला. काशीतली जुनी मराठी घरं आता थोडी उरली आहेत, म्हणून भेटायला येणारे सगळे एकमेकांना ओळखणारे. तेराव्यानंतर आत्याला हात धरून मी तिकडे नेलं. एक बाई काकूंची समजूत घालत होत्या. आत्या दारात दिसताच त्या म्हणाल्या, “यांच्याकडे बघा. एकतिसाव्या वर्षी कुंकू गेलं, पोटी काही नाही. तुमच्यापेक्षा यांचं दुःख मोठं, तरी उभ्या राहिल्या ना?” वाईट हेतू नव्हता. दुःखाच्या घरात आपण सगळेच हे चलन वापरतो: निदान तुम्हाला मुलगी आहे, निदान फार दिवस झोपून नव्हता. पण माझ्या डोळ्यांसमोर आत्याचं वजनाचं माप झालं. तिचं पन्नास वर्षांचं वैधव्य दुसऱ्याचं पारडं वर उचलण्यासाठी ठेवलेलं. आत्या काकूंच्या शेजारी टेकली आणि म्हणाली, “तुझ्याइतकं मला नाही गं कळायचं.”

मला होदो ऐकू आला. तिने दोन दुःखांची तुलनाच केली, टाळली नाही. फक्त माप काकूंच्या हाती दिलं.

दुःखाची तुलना करूच नये, असं हल्ली समजुतीने सांगितलं जातं. मला ते पुरेसं वाटत नाही. एक तर दुःखी माणूस स्वतःच तुलना करत असतो: तिचा मुलगा आहे, माझा का नाही? त्याला तुलना करू नकोस म्हणणं म्हणजे बोलू नकोस म्हणणं. दुसरं, अन्याय सांगायला तुलनाच लागते. बांधकामावर तेवढ्याच विटा वाहणाऱ्या बाईला पुरुषापेक्षा कमी रोज मिळतो, हे वाक्य ‘पेक्षा’ काढून घेतला तर बोलताच येणार नाही. तेव्हा प्रश्न तुलना करावी का हा नाही. ती कोण करतं आणि कुठे उभं राहून करतं, हा आहे. विटा वाहणारी बाई त्या दोघांतली एक आहे. आत्याही दोघींतली एक होती. समजूत घालणाऱ्या बाई दोघींतल्या कोणीच नव्हत्या. त्यांच्या हातात तराजूची दांडी होती.

‘तुलना’ या शब्दातच तुला आहे, म्हणजे तराजू, आणि मी ज्यात एम. ए. केलं त्या तौलनिक साहित्यातही. कुठल्याही तराजूला धरणारा तिसरा हात लागतो, आणि एक पारडं वर जायचं तर दुसऱ्याला खाली यावंच लागतं. जपानीत तुलना करणे म्हणजे ‘कुराबेरु’. तो ज्या चिनी चिन्हाने लिहितात त्यात दोन माणसं शेजारी शेजारी, एकाच दिशेला तोंड करून उभी आहेत. (पाठीला पाठ लावून उभी केली की तेच चिन्ह ‘उत्तर दिशा’ होतं, ही गंमत वेगळी.) त्या चित्रात तिसरा माणूस नाही. चिन्हांच्या चित्रांवरून राष्ट्राचा स्वभाव काढणारे लोक मला कंटाळवाणे वाटतात. जपानी शाळांत मुलांना एकमेकांशी तोलत नाहीत असं काही मी म्हणत नाही, आणि होदोलाही काळी बाजू आहेच: ‘मि नो होदो’ ओळखून राहा, असं तिथे सांगतात. मराठीत याला अचूक शब्द आहे, पायरी ओळखून राहा. माप हातात देता येतं तसं ते डोक्यावरही आपटता येतं. पण चित्र म्हणून तराजू आणि शेजारी उभी दोन माणसं यांतलं दुसरं मला उपयोगी पडलं.

या सगळ्यावर सर्वांत कठोर आक्षेप इथून दहाएक किलोमीटरवरच आहे. सारनाथच्या मूलगंधकुटी विहाराच्या भिंतींवर कोसेत्सु नोसु या जपानी चित्रकाराने १९३२ ते १९३६ मध्ये बुद्धचरित्र रंगवलं. विहार १९३१ मध्ये उघडला होता. मी तिथे दोनदा जाऊन बसले. बौद्ध परंपरेत ‘मान’ नावाचा एक क्लेश आहे आणि त्याची तीन रूपं सांगितली आहेत: मी त्याच्याहून श्रेष्ठ, मी त्याच्याहून हीन आणि मी त्याच्यासारखाच. पहिलं कळतं. दुसरंही विचारांती कळतं, न्यूनगंडातही ‘मी’ मोठा असतो. तिसरं अडतं. समानतासुद्धा गर्व? विटा वाहणाऱ्या बाईची मागणी नेमकी तीच आहे.

मराठीत हा ‘मान’ तुलनेच्या वाक्यातच बसलेला आहे: ‘त्या मानाने बरं.’ संस्कृत जाणणारे सांगतील की मोजमापाचा मान ‘मा’ धातूचा आणि अहंकाराचा ‘मन्’ धातूचा, दोघांचा संबंध नाही. नसेना, मराठी कानाला ते एकच ऐकू येतात. जपानीत याच ‘मान’चा ‘मान’ झाला आणि त्यातून ‘जिमान’ आला, बढाई. ‘गामान’ही त्यातूनच आला. गामान हा मुळात बौद्ध शब्द, अर्थ ‘मीपणाचा गर्व’. शतकांनंतर त्याचा अर्थ झाला सोसणं, कळ काढणं. आज जपानी आई रडणाऱ्या मुलाला गामान कर म्हणते तेव्हा ती सहन कर म्हणत असते. गर्वाचा शब्द सोसण्याकडे कसा वळला हे भाषाशास्त्रज्ञ सांगोत. मला मात्र समजूत घालणाऱ्या बाईंचं ‘उभ्या राहिल्या ना?’ आठवलं. सोसण्याचं कौतुक झालं की त्याचा गर्व व्हायला वेळ लागत नाही, आणि मग कोण किती सोसतं याची स्पर्धा सुरू होते.

तिसऱ्या मानाचं उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही. एवढंच दिसतं की विटा वाहणारी बाई ‘मी त्याच्यासारखी’ असं स्वतःच्या मूल्याबद्दल बोलत नाही, रोजाबद्दल बोलते. किती रुपये, किती विटा. ज्याला एकक आहे त्याची तुलना भांडणाला उपयोगी पडते. ज्याला एकक नाही त्याची तुलना करायला लागलं की मान शिरतो.

एकक नसलेल्या तुलना घाटावर फुकट मिळतात. ३० ऑगस्ट २०१४ ला क्योटोमध्ये वाराणसी आणि क्योटो यांच्यात भागीदार शहरांचा करार झाला, आणि तेव्हापासून नळाला पाणी नसलं, गल्लीत गाय आडवी बसली, की कोणीतरी हमखास म्हणतं, “देखिए, क्योटो!” जपानी पाहुण्यांना फिरवणारा एक वाटाड्या आत्याच्या गल्लीत राहतो. त्याचं जपानी पुस्तकी नाही, पर्यटकांकडून कानाने उचललेलं, आणि बोलायला माझ्या शंभरपट चांगलं. त्याचा आवडता शब्द इचिबान. इचिबान म्हणजे एक नंबर. जपानीत विशेषणाला ‘तम’ लावत नाहीत, पुढे इचिबान ठेवतात. इचिबान जुनं शहर, इचिबान पवित्र नदी, इचिबान स्वस्त रेशीम. मी म्हटलं, ‘सगळ्यांमध्ये’ कशांमध्ये हे सांगायला नको का? व्याकरणात ‘नो नाका दे’ म्हणजे ‘यांच्यामध्ये’ असा तुकडा असतो. तो हसला. “दीदी, वो बोल दिया तो कौन ख़रीदेगा?” आपली ‘वासरांत लंगडी गाय शहाणी’ ही म्हण त्याला सांगितली तेव्हा त्याने एक जपानी म्हण परत दिली, ओकच्या बोंडांची उंचीची स्पर्धा. आणखी एक दिली: चंद्र आणि मऊ पाठीचं कासव. दोन्ही गोल, पण कुठे ते आणि कुठे हे. आपल्याकडचा इंद्राचा ऐरावत आणि शामभटाची तट्टाणी. फरक असा की ऐरावत आणि तट्टाणीत सारखं दाखवायचा खटाटोप आपली म्हण फारसा करत नाही. जपानी म्हण आधी गोलाई कबूल करते.

‘माशी’ हा शब्दही त्यानेच दिला. दोन वाईटांतलं कमी वाईट ते माशी. ‘योरी माशी’ म्हणजे आपलं दगडापेक्षा वीट मऊ. पण मराठीत याहून बारीक एक चीज आहे, ‘त्यातल्या त्यात’. कशी आहेस विचारलं की आत्या म्हणते, त्यातल्या त्यात बरी. इथे दुसरी बाजूच नाही. ‘त्यात’ म्हणजे कशात ते बोलणाऱ्याला माहीत, आणि मोजणी त्याच्याबाहेर जात नाही. ना शेजारीण, ना क्योटो. जपानीत हे कसं आणायचं यावर वाटाड्या आणि मी दोन संध्याकाळी घालवल्या. माशी जवळ जातो, पण त्याला कायम काहीतरी वाईट शेजारी लागतं.

जानेवारीत आत्याला गुडघ्यासाठी दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टरीणबाईंनी फॉर्मवरची रेघ दाखवून हिंदीत विचारलं, दुखणं १ ते १० मध्ये किती? १० म्हणजे जास्तीत जास्त.

“कुणाचं जास्तीत जास्त?” आत्याने मला मराठीत विचारलं.

मी म्हटलं, तुझंच. तुला आयुष्यात झालेलं सगळ्यांत जास्त.

ती बराच वेळ गप्प राहिली. मग डॉक्टरीणबाईंकडे वळून म्हणाली, “कल से कम है।” बाईंनी पुन्हा आकडा विचारला. आत्याने पुन्हा तेच सांगितलं, कालच्याहून कमी. शेवटी त्यांनी रेघ तशीच सोडली आणि तिचा गुडघा हातात घेऊन हळूहळू वाकवून पाहायला लागल्या.